घरी बनवलेला रेट्रो कन्सोल: कंट्रोलर आणि गेम यांच्या अडचणींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर रेट्रोपाय, बाटोसेरा किंवा रिकॅलबॉक्स यांपैकी जुने गेम चालवणारी एखादी प्रणाली बसवून तयार केलेल्या कन्सोलविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतील कंट्रोलर आणि गेम यांच्याशी संबंधित प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः रेट्रोपायची आहेत. इतर दोन प्रणालींत मेनूंची नावे वेगळी असली, तरी तिन्हींमध्ये बहुतेक गेम रेट्रोआर्च हाच प्रोग्रॅम चालवत असल्यामुळे आतली रचना बरीचशी सारखीच आहे.

१. कंट्रोलर चालतच नाही. तपासणी कुठून सुरू करावी?

बटण दाबल्यापासून पडद्यावरचे पात्र उडी मारेपर्यंत पाच गोष्टींचे काम सुरळीत व्हावे लागते: कंट्रोलरला मिळणारी वीज, कंट्रोलर ओळखणारी लिनक्स प्रणाली, गेमची यादी दाखवणारे एम्युलेशनस्टेशन, गेम चालवणारे रेट्रोआर्च आणि त्याच्या आत जुन्या यंत्राची नक्कल करणारा कोअर. गाडी यांपैकी कोठे अडते हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नये. एका दोषावर तीन उपाय एकदम केले, तर मूळ दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि उरलेल्या दोन बदलांमुळे पुढे नवा घोळ होतो.

यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे लिनक्समधील जेएसटेस्ट. कीबोर्ड जोडून एफ४ दाबल्यावर एम्युलेशनस्टेशन बंद होते आणि काळा टर्मिनल समोर येतो. तेथे पहिल्या जॉयस्टिकचे नाव देऊन जेएसटेस्ट चालवावे. प्रत्येक बटणाला एक क्रमांक दिसतो आणि ते दाबताच त्यापुढील ‘ऑफ’चे ‘ऑन’ होते. स्टिक हलवली की −३२७६७ ते ३२७६७ या टप्प्यात आकडे सरकतात. हे सगळे दिसत असेल, तर कंट्रोलर, केबल आणि लिनक्स यांत काहीही दोष नाही. कंट्रोलर उघडून पाहण्याची गरज नाही. दोष बटणांच्या नेमणुकीत आहे आणि त्यासाठी प्रश्न ५ पाहावा. उपकरणच सापडत नसेल, तर आधी केबल बदलावी, कारण अनेक केबली फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्यांत डेटाच्या तारा नसतातच. त्यानंतर प्रश्न २ आणि बिनतारी कंट्रोलर असल्यास प्रश्न ८ पाहावा.

२. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह दिसते. त्याचा कंट्रोलरशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बहुतेकांना वाटतो त्याहून फार जवळचा आहे. बोर्डाला मिळणारा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की हे चिन्ह येते. अशा वेळी प्रोसेसरचा वेग उतरतो, यूएसबीवरील कंट्रोलर क्षणभर तुटून पुन्हा जोडला जातो, आणि नेमके त्याच क्षणी दाबलेले बटण वाया जाते.

पाय ३ साठी ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअर, पाय ४ साठी ३ अँपिअर आणि पाय ५ साठी ५ अँपिअर क्षमतेचा अडॅप्टर अपेक्षित आहे. मोबाइलच्या चार्जरवर आकडा पुरेसा छापलेला असला, तरी लांब आणि बारीक केबलमध्ये दाब पडतो, म्हणून अडॅप्टर बदलण्याआधी आखूड आणि जाड केबल लावून पाहावी. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर मिळाला नाही, तर तो आपल्या सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. त्यामुळे दोन कंट्रोलर आणि एक बाहेरची डिस्क जोडल्यावर अडचण येणे स्वाभाविक आहे. कंट्रोलरच्या बॅटऱ्या कन्सोलच्याच पोर्टवर चार्ज करण्याची सवय असेल, तर स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब वापरावा.

३. पहिल्यांदा बटणे नेमताना पडद्यावर विचारलेली सगळी बटणे माझ्या कंट्रोलरवर नाहीत. काय करावे?

जे बटण नाही, त्याच्या वेळी कोणतेही दुसरे बटण काही क्षण दाबून धरावे. ती ओळ रिकामी सोडून प्रणाली पुढे जाते. शेवटी ‘हॉटकी’, म्हणजे दुसऱ्या बटणासोबत धरून आदेश देण्याचे बटण, विचारली जाते. ती मात्र रिकामी सोडू नये (कारण प्रश्न ६ मध्ये दिले आहे). मधले होम बटण असेल तर ते, नाहीतर सिलेक्ट हे बटण हॉटकीसाठी सोयीचे ठरते.

४. ए आणि बी उलटे का होतात?

रेट्रोआर्चने आपला काल्पनिक कंट्रोलर सुपर निन्टेंडोच्या कंट्रोलरवर बेतला आहे. त्यात ए उजवीकडे, बी खाली, एक्स वर आणि वाय डावीकडे असते. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर मात्र ए खाली आणि बी उजवीकडे असते. म्हणून नेमणूक करताना बटणावर छापलेले अक्षर पाहू नये, जागा पाहावी: ‘ए’ विचारल्यावर उजवीकडचे बटण दाबावे, मग त्यावर काहीही लिहिलेले असो. असे केल्यास गेममधील उडी आणि हल्ला अंगठ्याखाली मूळ यंत्रावर होते तेथेच येतात.

यानंतर फक्त मेनूतील ‘निवडा’ आणि ‘मागे’ उलटे वाटत असतील, तर रेट्रोपायच्या सेटिंगमध्ये एम्युलेशनस्टेशनपुरते ए आणि बी यांची अदलाबदल करण्याची सोय आहे. गेममधील बटणांना त्यामुळे धक्का लागत नाही. प्लेस्टेशनच्या जपानी गेममध्ये गोल म्हणजे होकार आणि फुली म्हणजे नकार, तर अमेरिकी आवृत्त्यांत बहुधा फुली म्हणजे होकार असतो. तो फरक गेममधलाच आहे आणि त्याला दोष समजू नये.

५. कंट्रोलर मेनूत व्यवस्थित चालतो, पण गेम सुरू झाला की एकही बटण लागत नाही. असे का?

कारण मेनू आणि गेम हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत आणि प्रत्येकाची बटणांची नोंद वेगळ्या फाइलमध्ये असते. एम्युलेशनस्टेशनमध्ये नेमणूक केली की रेट्रोपाय तीच माहिती रेट्रोआर्चसाठीही लिहून ठेवते. ही दुसरी फाइल कंट्रोलरच्या नावाने साठवली जाते. ती लिहिली गेली नाही, नंतर हाताने बदलली गेली, किंवा कंट्रोलर वेगळ्याच नावाने ओळखला गेला, तर मेनू चालतो आणि गेम मुका राहतो.

गेम सुरू होताना पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत एक ओळ दोन-तीन क्षण दिसते. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी. कंट्रोलरचे नाव आणि त्यापुढे तो अमुक पोर्टवर ‘कॉन्फिगर्ड’ असल्याचे दिसले, तर रेट्रोआर्चला नोंद सापडली आहे आणि दोष पुढे, म्हणजे कोअरच्या किंवा त्या गेमच्या स्वतंत्र नेमणुकीत आहे. ‘नॉट कॉन्फिगर्ड’ दिसले, तर एम्युलेशनस्टेशनच्या मेनूतून त्या कंट्रोलरची नेमणूक नव्याने करावी. फाइल पुन्हा लिहिली जाते आणि बहुतांश वेळा तेवढ्यानेच काम होते.

एक अपवाद आहे. पीपीएसएसपीपी किंवा स्वतंत्र मुपेन६४प्लस यांसारखे एमुलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम) रेट्रोआर्चच्या बाहेर चालतात. त्यांची नोंद वेगळी असते आणि रेट्रोआर्चमध्ये केलेला कोणताही बदल त्यांना कळत नाही. त्यांची बटणे त्यांच्याच मेनूत किंवा फाइलमध्ये बदलावी लागतात.

६. गेममधून बाहेर कसे पडावे? आणि माझ्याकडे नुसते स्टार्ट दाबले तरी गेम बंद का होतो?

रेट्रोपायमध्ये हॉटकी दाबून धरून स्टार्ट दाबले की गेम बंद होतो. हॉटकीसोबत उजवे शोल्डर बटण दाबल्यास खेळाची त्या क्षणाची स्थिती साठवली जाते, डावे दाबल्यास ती परत आणली जाते, एक्स दाबल्यास रेट्रोआर्चचा मेनू उघडतो आणि बी दाबल्यास गेम पहिल्यापासून सुरू होतो.

हॉटकी नेमलेलीच नसेल, तर रेट्रोआर्च हे सगळे आदेश हॉटकीशिवाय स्वीकारते. मग स्टार्टने गेम बंद होतो आणि शोल्डर बटणाने नकळत जुनी स्थिती परत येते. हा बिघाड नाही. कंट्रोलरची नेमणूक पुन्हा करून हॉटकी द्यावी. उलट, हॉटकी असूनही बाहेर पडता येत नसेल, तर तो बहुधा प्रश्न ५ मधील स्वतंत्र एमुलेटरचा गेम असतो.

७. दोन कंट्रोलर जोडले की पहिला खेळाडू कधी दुसरा होतो, कधी पहिला. हे पक्के कसे करावे?

लिनक्स ज्या क्रमाने उपकरणे ओळखते, त्याच क्रमाने रेट्रोआर्च खेळाडूंचे क्रमांक देते. तारेचे कंट्रोलर नेहमी त्याच पोर्टांत लावले, तर क्रम सहसा टिकतो. ब्लूटूथवर मात्र जो आधी जागा होतो तो पहिला. सर्वांत साधा उपाय म्हणजे पहिल्या खेळाडूने आपला कंट्रोलर आधी सुरू करावा. गेम चालू असताना रेट्रोआर्चच्या इनपुट मेनूत प्रत्येक पोर्टसाठी कोणते उपकरण वापरायचे हेही निवडता येते.

दोन गोष्टी विशेष गोंधळात टाकतात. पहिली म्हणजे ड्युअलशॉक ४ चे हालचाल टिपणारे सेन्सर लिनक्सला वेगळे उपकरण म्हणून दिसतात, आणि काही वेळा तेच दुसऱ्या खेळाडूची जागा अडवतात. दुसरी म्हणजे दोन खेळाडूंसाठीचे काही आर्केड बोर्ड (नाण्यावर चालणाऱ्या गेम मशीनसारख्या काठ्या आणि बटणे जोडण्याचे), जे दोन्ही जॉयस्टिक एकच उपकरण म्हणून पाठवतात आणि एकाची काठी हलवली की दोघांची पात्रे हलतात. अशा बोर्डासाठी लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरला सुरुवातीच्या आदेशओळीत बोर्डाचा उत्पादक आणि उत्पादन क्रमांक देऊन ते अनेक इनपुटांचे उपकरण आहे असे सांगावे लागते. रेट्रोआर्चच्या मेनूत कितीही फिरले तरी हा दोष तेथून दूर होत नाही.

८. ब्लूटूथ कंट्रोलर जोडला जात नाही, किंवा जोडला गेला तरी पुढच्या वेळी ओळखला जात नाही.

पहिली जोडणी यूएसबी कीबोर्ड लावून रेट्रोपायच्या ब्लूटूथ मेनूतून करावी. ड्युअलशॉक ४ वर शेअर आणि पीएस ही बटणे एकत्र धरल्यावर दिवा भराभर लुकलुकू लागतो. संथ लुकलुकत असेल तर तो जुन्या यंत्राला शोधत आहे, नव्या जोडणीस तयार नाही. ड्युअलशॉक ३ आधी यूएसबी केबलने जोडल्याशिवाय ब्लूटूथवर येत नाही. एक्सबॉक्स वनच्या सुरुवातीच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नाहीच. नंतरच्या कंट्रोलरची जोडणी वारंवार तुटत असेल, तर ब्लूटूथची ईआरटीएम (हरवलेली माहिती पुन्हा पाठवण्याची) ही सोय बंद करून पाहावी.

एटबिटडो या कंपनीच्या अनेक कंट्रोलरांत चार पद्धती असतात आणि सुरू करताना स्टार्टसोबत कोणते बटण धरले यावर पद्धत ठरते. एसएन३० प्रोवर स्टार्ट आणि बी म्हणजे अँड्रॉइड, एक्स म्हणजे विंडोज, वाय म्हणजे स्विच. पद्धत बदलली की लिनक्सच्या दृष्टीने ते वेगळ्या नावाचे नवेच उपकरण ठरते आणि आधीची नेमणूक लागू होत नाही. ‘काल चालत होता, आज नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते. एक पद्धत निवडून तीच कायम वापरावी.

अधूनमधून बटणे गळत असतील, तर आधी वीज पाहावी (प्रश्न २), मग आसपासच्या रेडिओ लहरींचा गोंगाट. ब्लूटूथ आणि अनेक वाय-फाय राउटर २.४ गिगाहर्ट्झ हाच पट्टा वापरतात. यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची केबलही त्याच पट्ट्यात गोंगाट सोडते. डिस्क बोर्डापासून दूर ठेवून किंवा कंट्रोलरचा डाँगल आखूड एक्स्टेन्शनवर बाजूला घेऊन फरक पडतो का, ते पाहावे.

९. दिशांची बटणे चालतात, पण ॲनालॉग स्टिक चालत नाही. कधी याच्या उलट होते.

स्वस्त यूएसबी कंट्रोलरवर मध्यभागी ‘ॲनालॉग’ असे लहान बटण आणि त्याशेजारी लाल दिवा असतो. दिवा लागलेला असताना आणि विझलेला असताना दिशांची बटणे लिनक्सकडे वेगवेगळ्या स्वरूपात जातात. ज्या स्थितीत नेमणूक केली, त्याच स्थितीत खेळावे.

मूळ यंत्राला स्टिकच नसेल, तर गेमला ती कळणार नाही. त्यासाठी रेट्रोआर्चच्या पोर्ट सेटिंगमध्ये डावी स्टिक दिशांच्या बटणांसारखी वापरण्याचा पर्याय आहे. प्लेस्टेशनच्या बाबतीत ड्युअलशॉक १९९७ च्या शेवटी बाजारात आला, त्यामुळे त्याआधीचे अनेक गेम फक्त साधा कंट्रोलर ओळखतात. अशा गेमसाठी कोअरमध्ये ‘स्टँडर्ड’ आणि नंतरच्या गेमसाठी ‘ड्युअलशॉक’ असा प्रकार निवडावा. पात्र आपोआप एका बाजूला सरकत असेल, तर जेएसटेस्टमध्ये स्टिक सोडल्यावर आकडा शून्याजवळ येतो का ते पाहून रेट्रोआर्चमधील डेडझोन (मध्यभागी स्टिकची हालचाल दुर्लक्षित होते तो भाग) थोडा वाढवावा.

१०. बटण दाबल्यानंतर पात्र उशिरा हलते. दोष कंट्रोलरचा आहे का?

क्वचितच. पहिला संशय टीव्हीवर घ्यावा: चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत टीव्ही प्रत्येक फ्रेम रोखून धरतो, म्हणून ‘गेम मोड’ सुरू करावा. बहुतेकांचे समाधान येथेच होते. त्यानंतर रेट्रोआर्चमधील ‘थ्रेडेड व्हिडिओ’ बंद करून पाहावे.

उरलेला उशीर पुष्कळदा खुद्द गेमचा असतो आणि तो मोजता येतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. कीबोर्डवर पी दाबून गेम थांबवावा, कंट्रोलरवर उडीचे बटण दाबून धरावे आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे सरकावे; हॉटकी नेमलेली असल्यास पी आणि के सोबत तीही धरावी लागू शकते. पात्र तिसऱ्या फ्रेमवर हलले, तर आधीच्या दोन फ्रेम गेमने घेतल्या. रेट्रोआर्चच्या ‘रन-अहेड’मध्ये (तेवढ्या फ्रेम आधीच पुढे चालवून उशीर भरून काढण्याची सोय) तोच आकडा, म्हणजे २, द्यावा. याहून मोठा आकडा दिल्यास चित्र उड्या मारू लागते. ही सोय प्रोसेसरकडून जास्त काम करून घेते, म्हणून पाय ३ वर ती निन्टेंडो आणि मेगा ड्राइव्ह यांसारख्या हलक्या यंत्रांपुरतीच ठेवावी.

११. गेमची फाइल टाकली, पण यादीत गेम दिसत नाही.

यादी एम्युलेशनस्टेशन सुरू होतानाच वाचली जाते, म्हणून ते एकदा पुन्हा सुरू करावे. ज्या यंत्राच्या फोल्डरमध्ये एकही ओळखीची फाइल नसते, ते यंत्र मेनूत दिसतच नाही. लिनक्समध्ये लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानली जातात, म्हणून फाइलच्या नावाची शेवटची तीन-चार अक्षरे सगळी लहान ठेवावीत.

१२. गेम निवडला की क्षणभर काळा पडदा येतो आणि पुन्हा मेनू दिसतो.

कोअरला गेम उघडता आला नाही, एवढाच याचा अर्थ. त्यामागचे कारण रनकमांडच्या (रेट्रोपायमध्ये गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉगमध्ये लिहिलेले असते. ही फाइल तात्पुरत्या स्मृतीत राहते, त्यामुळे कन्सोल बंद करण्याआधीच ती वाचावी.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे बायोसची (मूळ यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल नसणे. ती मूळ कंपनीच्या कॉपीराइटखाली असल्यामुळे कोणतीही प्रणाली ती सोबत देत नाही. ती स्वतःच्या यंत्रातून काढून घ्यावी लागते. सेगा सीडीला ती लागतेच. प्लेस्टेशनचा पीसीएसएक्स-रीआर्म्ड हा कोअर स्वतःच्या पर्यायी बायोसवर चालतो, पण काही गेम त्यावर अडकतात. बायोसच्या फाइलचे नाव, लहान-मोठ्या अक्षरांसह, अक्षरशः अपेक्षित तेच हवे. नाव बरोबर असूनही काम होत नसेल, तर एमडी५ बेरीज (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) जुळते का ते पाहावे. आर्केडच्या गेमसाठी पुढचा प्रश्न आणि सीडीवरील गेमसाठी प्रश्न १४ पाहावा.

१३. आर्केडचा गेम एका कोअरमध्ये चालतो, दुसऱ्यात नाही. फाइल तर तीच आहे.

सर्वाधिक वैताग याच विषयात होतो, आणि एक गोष्ट समजली की त्यातील बहुतेक नाहीसा होतो. आर्केडच्या गेमची झिप फाइल म्हणजे मशीनच्या बोर्डावरील अनेक चिपांच्या प्रतींचा संच असतो. १९९७ मध्ये मेम हा आर्केड मशीनची नक्कल करणारा प्रकल्प सुरू झाल्यापासून चिपांच्या अधिक अचूक प्रती मिळत गेल्या, तसतशी संचातील फाइलींची नावे आणि संख्या आवृत्तीगणिक बदलत गेली. म्हणून संच नेहमी विशिष्ट आवृत्तीचा असतो: मेम २००३ या कोअरला ०.७८ चा संच लागतो, मेम २०१० ला ०.१३९ चा, मेम४ऑलला ०.३७बी५ चा, आणि एफबीनिओला त्याचा स्वतःचा अद्ययावत संच. चुकीच्या आवृत्तीचा संच ‘खराब’ नसतो, फक्त त्या कोअरसाठी परका असतो.

या झिप उघडू नयेत आणि त्यांची नावे बदलू नयेत, कारण कोअर गेम ओळखतो तो नावावरूनच. काही संचांत फक्त मूळ गेमपेक्षा वेगळ्या चिपा असतात; असा गेम मूळ गेमची झिप शेजारी असल्याशिवाय चालत नाही. निओ जिओच्या गेमसाठी त्याच फोल्डरमध्ये निओजिओ नावाची बायोसची झिपही न उघडता ठेवावी.

गेम सुरू झाला, पण स्टार्ट दाबूनही खेळ चालू होत नसेल, तर आधी सिलेक्ट दाबावे. आर्केडमध्ये नाणे टाकल्याशिवाय खेळ सुरू होत नाही आणि सिलेक्ट म्हणजे नाणे. जुन्या मेममध्ये सुरुवातीला एक सूचना येऊन थांबते. काठी डावीकडे आणि लगेच उजवीकडे हलवली की ती जाते.

१४. प्लेस्टेशनचा गेम यादीत अनेक वेळा दिसतो, आणि दुसरी सीडी कशी बदलायची ते कळत नाही.

क्यू ही लहानशी मजकुराची फाइल असते आणि बिन या मोठ्या फाइलींत खरी माहिती असते. गेम नेहमी क्यू फाइलवरून सुरू करावा. बिनचे नाव बदलले असेल, तर क्यू फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून आतले नावही बदलावे. ते विसरले की प्रश्न १२ मधील काळा पडदा दिसतो. अनेक सीडींच्या गेमसाठी एम३यू नावाची यादी तयार करून तिच्या प्रत्येक ओळीवर एकेका क्यू फाइलचे नाव लिहावे आणि गेम या यादीवरून सुरू करावा. मग सीडी बदलण्याची वेळ आली की रेट्रोआर्चच्या डिस्क मेनूतून ती बदलता येते. सगळ्या सीडींच्या क्यू आणि बिन फाइलींऐवजी प्रत्येक सीडीची एकच, दाबून लहान केलेली सीएचडी फाइल करून ठेवल्यास जागा वाचते आणि यादीही आटोपशीर राहते.

१५. गेम संथ चालतो आणि आवाज तुटतो.

सगळेच गेम संथ असतील, तर वीज (प्रश्न २) आणि उष्णता पाहावी. ८० अंश सेल्सिअसच्या पुढे रास्पबेरी पाय स्वतःचा वेग कमी करू लागतो. एकाच यंत्राचे गेम संथ असतील, तर त्या यंत्रासाठी हलका कोअर निवडावा. निन्टेंडो ६४ आणि सॅटर्न ही पाय ३ च्या आवाक्यापलीकडची अपेक्षा असते. एखादाच गेम संथ वाटत असेल, तर तो युरोपीय आवृत्तीचा आहे का ते पाहावे, कारण त्या सेकंदाला ५० फ्रेमवर चालतात आणि त्यांतील अनेकांचा वेग खरोखरच कमी असतो.

१६. गेममध्ये सेव्ह केले होते, तरी दुसऱ्या दिवशी ते गायब कसे झाले?

गेमने स्वतः केलेली नोंद आणि रेट्रोआर्चने साठवलेली स्थिती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. गेमची नोंद आधी स्मृतीत राहते आणि गेम रीतसर बंद केल्यावर कार्डावर लिहिली जाते; खेळून झाल्यावर थेट प्लग काढला, तर ती नाहीशी होते. रेट्रोआर्चच्या सेव्हिंग मेनूत ठरावीक सेकंदांनी ती आपोआप लिहिण्याची सोय आहे. ती जरूर सुरू करावी.

दुसरा धोका कमी ओळखीचा आहे. साठवलेल्या स्थितीत त्या वेळची गेमची नोंदही असते. आठवड्यापूर्वीची स्थिती परत आणली की मधल्या आठवड्यात गेमने केलेल्या नोंदींवर जुनी नोंद चढते. हे टाळण्यासाठीही त्याच मेनूत पर्याय आहे. शिवाय स्थिती ज्या कोअरमध्ये साठवली त्याच कोअरमध्ये खात्रीने उघडते, म्हणून कोअर बदलण्याआधी किंवा अद्ययावत करण्याआधी गेमच्या आतून सेव्ह करून घ्यावे.

१७. फक्त एकाच गेमसाठी बटणे बदलायची आहेत. बाकीच्यांना धक्का लागता कामा नये.

गेम चालू असताना रेट्रोआर्चचा मेनू उघडून कंट्रोल्समध्ये बदल करावा आणि तो ‘गेम रीमॅप’ म्हणून साठवावा. ‘कोअर रीमॅप’ म्हणून साठवला, तर त्या कोअरचे सगळे गेम बदलतील. आधी केलेला असा बदल विसरला गेला, तर पुढे त्याच गेममध्ये प्रश्न ५ मधील लक्षणे दिसतात. त्यावर उपाय म्हणजे याच मेनूतून ती रीमॅप फाइल काढून टाकणे.

१८. जुन्या टीव्ही गेमची बंदूक नव्या टीव्हीवर का चालत नाही?

निन्टेंडोची झॅपरसारखी बंदूक काचेच्या नळीच्या टीव्हीवर अवलंबून आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीच्या टोकातील सेन्सर तो प्रकाश त्याच क्षणी दिसतो का ते पाहतो. एलसीडी टीव्हीवर चित्र काही मिलिसेकंद उशिरा येते आणि प्रकाशाचे स्वरूपही वेगळे असते, त्यामुळे नेम बरोबर असला तरी गोळी चुकते. गेम मोड लावून किंवा कोणतेही सेटिंग बदलून हे सुटत नाही. माउस किंवा स्टिकने नेम धरता येतो आणि बहुतेक कोअरमध्ये तशी सोय आहे. खऱ्या बंदुकीचा अनुभव हवा असेल, तर पडद्याच्या कडा कॅमेऱ्याने ओळखणारी सिंडेनसारखी नव्या प्रकारची बंदूक घ्यावी लागते.